ही शेवंतीच ना? – परसबागेच्या पत्रांना उत्तरं

मार्गशीर्षातले गुरुवार संपले की माझ्याकडे शेवंतीची पत्रं यायला लागतात. दादरच्या आणि गुलटेकडीच्या फूलबाजारात ढीग लागलेले असतात, दारावरच्या फुलवालीच्या टोपलीतही शेवंतीच वर असते, आणि मग आपल्या कुंडीत काय झालं याचा हिशेब प्रत्येक जण मांडतो. या खेपेला पत्रांबरोबर फोटोही पुष्कळ आले. ते एकेक करून पाहिले आणि ठरवलं की यावेळची सगळी जागा शेवंतीला आणि शेवंतीच्या नावावर घरात आलेल्या झाडांना द्यायची. कारण निम्म्या तक्रारींचं मूळ खतात नाही, पाण्यात नाही. कुंडीत नेमकं कोणतं झाड आहे, हेच ठाऊक नाही.

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी दिवाळीनंतर नर्सरीतून जांभळ्या शेवंतीची रोपं आणली. डिसेंबरभर सुंदर फुलली. फुलं सुकल्यावर वीतभर ठेवून छाटली, तर आठवड्याभरात सगळी वाळून गेली. यंदा पुन्हा आणली, पुन्हा तेच. पाणी जास्त होतंय की मातीत रोग आहे? फोटो सोबत आहेत. – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : तुमची माती चांगली आहे आणि पाणीही बेताचंच दिसतंय. फोटोतलं झाड ॲस्टर आहे, आणि ॲस्टर एका हंगामाचं. बी रुजतं, तीन-चार महिन्यांत फूल येतं, बी धरतं आणि झाड संपतं. कात्री लावली नसती तरी ते गेलंच असतं. शेवंतीचं तसं नसतं. तिचा वरचा भाग वाळला तरी जमिनीखाली कोंब जिवंत असतात आणि तेच पुढच्या वर्षीचं झाड होतात.

तुमचा घोटाळा झाला यात नवल नाही. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, आणि या कुळाची रचनाच अशी की वरून पाहणाऱ्याला सगळी भावंडं सारखी वाटतात. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. कडेची जी पाकळी दिसते ती एक अख्खं फूल, आणि मधल्या पिवळ्या चकतीतला एकेक दाणा हेही एक अख्खं फूल. एकेरी शेवंती घेऊन ती चकती टाचणीने उकलून पाहा. पाच टोकं असलेली इवली नळी दिसेल आणि तिच्यातून बाहेर आलेला दुभंगलेला स्त्रीकेसर दिसेल. भरगच्च दुहेरी जातींमध्ये या नळ्यांची जागा पाकळीसारख्या फुलांनी घेतलेली असते, त्यामुळे चकती दिसतच नाही. शेवंतीतही असं होतं, ॲस्टरमध्येही होतं. म्हणून वरून पाहून ओळख पटवायच्या भानगडीत पडू नका.

फूल उलटं करा. देठ जिथे फुलाला मिळतो तिथे हिरवी छदं, म्हणजे फुलाला खालून धरणारी छोटी पानं, असतात. शेवंतीत ती बारीक खवल्यांसारखी एकावर एक चिकटून बसलेली असतात आणि प्रत्येकाची कड पातळ, कोरडी, कागदी असते. नखाने हलवली तर कुरकुरते. ॲस्टरमध्ये बाहेरची छदं चांगली लांब, हिरवीगार, चक्क पानांसारखी असतात आणि फुलाखाली पसरून बसतात. त्यांच्या कडेला ताठ केसांची झालर असते. तुमच्या तिसऱ्या फोटोत, जिथे कळी अजून मिटलेली आहे, तिथे ही हिरवी पसरट बैठक स्वच्छ दिसते आहे. मला ओळख तिथेच पटली.

दुसरी खूण पानाची. शेवंतीचं पान जाडसर, खाचा पडलेलं, खालून राखाडी लवेचं असतं आणि बोटांत चुरडलं की तो ओळखीचा कडवट वास येतो. वेणी करणाऱ्या बाईच्या हातांना दिवसभर येतो तोच. ॲस्टरच्या पानाला दाते असतात, पण असा वास नसतो.

तिसरी खूण रंगाची, आणि ही मला फार आवडते. शेवंतीत पिवळा, पांढरा, गुलाबी, तांबूस, किरमिजी, किरमिजीकडे झुकणारा जांभळा असे रंग येतात. खरा निळा येत नाही, कारण ते रंगद्रव्य तयार करण्याची सोय त्या झाडातच नाही. जपानी संशोधकांनी २०१७ साली निळी शेवंती करून दाखवली, तेव्हा त्यासाठी जनुकं बाहेरून आणावी लागली. एक कँटरबरी बेल नावाच्या फुलझाडातून आणि दुसरं आपल्या कुंपणावरच्या गोकर्णातून. तेव्हा कुणी निळसर-जांभळी शेवंती म्हणून रोप पुढे केलं, तर ते ॲस्टर असण्याचीच शक्यता धरा. बाजारात गडद निळी शेवंती दिसली, तर ती रंगात बुडवलेली आहे.

आता ॲस्टर हातात आलंच आहे तर ते नीट करा, कारण तेही देखणं फूल आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ट्रेमध्ये बी पेरा, महिन्याभराने रोपं कुंडीत हलवा, डिसेंबर-जानेवारीत फुलं घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश’ मालिकेतल्या पांढऱ्या, गुलाबी आणि जांभळ्या जाती आपल्या हवेत चांगल्या चालतात. बी ताजं हवं. ॲस्टरच्या बियांची उगवण वर्षभरात झपाट्याने उतरते, म्हणून जुन्या पाकिटावर पैसे घालवू नका. आणि एक पथ्य पाळा : ज्या मातीत ॲस्टर वाढलं त्याच मातीत पुढच्या वर्षी पुन्हा ॲस्टर नको. मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते.

रोप विकणाऱ्यांकडून नाव लिहून घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगते. एका हंगामाचं झाड आणि वर्षानुवर्षांचं झाड एकाच नावाने विकलं जातं, आणि रोप मेलं की माणूस स्वतःच्या हातालाच बोल लावतो. तुम्ही दोन वर्षं तेच केलंत. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर गॅलरी आहे, सकाळी चार-पाच तास ऊन येतं. शेवंती गुडघ्याच्या वर गेली आहे, पानं हिरवीगार, पण सप्टेंबरपासून एक कळी नाही. याच झाडाचे फुटवे माझ्या मैत्रिणीने बदलापूरला अंगणात लावले, तिच्याकडे दसऱ्यानंतर फुलांनी झाड वाकलं. म्हणजे झाड तेच, शेवंती आहे हेही नक्की. मी बोनमील घातलं, केळीच्या सालींचं पाणी घातलं, पोटॅश घातलं. आणखी काय घालू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : काहीच घालू नका. मला एवढंच सांगा, गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा आहे का? किंवा गॅलरीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असतो का? तुमच्या पत्रात याबद्दल काही नाही, पण सगळी लक्षणं तिकडेच बोट दाखवतात. निरोगी झाड, पुरेसं ऊन, मैत्रिणीकडच्या त्याच झाडाला भरभरून फुलं आणि तुमच्याकडे एकही कळी नाही.

शेवंती रात्र मोजते. झाडाला सलग लांब अंधार मिळाला, की शेंड्यात पानांऐवजी कळी धरते. आपल्याकडे २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो अकरा तासांवर येतो. जूनच्या अखेरीपासून रात्र वाढायला लागते, ऑगस्टपासून ती पुरेशी लांब झाली की शेवंतीला इशारा मिळतो. तिथून फूल उमलेपर्यंत जातीप्रमाणे दोन ते तीन महिने लागतात. म्हणून कुणाची शेवंती दसऱ्याला येते, कुणाची थेट मार्गशीर्षात. मधेच उजेड पडला, की झाडाच्या लेखी ती एक लांब रात्र राहत नाही, तिचे दोन तुकडे होतात. अशा तुकड्यांवर कळी धरत नाही.

दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला, तो तंबाखू आणि सोयाबीनवरून. पण पुढचा महत्त्वाचा प्रश्न, झाडाला अंधार कळतो कुठे, याचा उलगडा शेवंतीने केला. १९३० च्या दशकात सोव्हिएत संघात मिखाईल चायलाख्यान यांनी शेवंतीच्या रोपांचा शेंडा एका प्रकाशात आणि खालची पानं दुसऱ्या प्रकाशात ठेवून पाहिली. पानांना लांब रात्र मिळाली, की शेंडा उजेडात असला तरी झाड फुललं. म्हणजे रात्र मोजतात ती पानं, आणि तिथून निरोप शेंड्याला जातो. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण काही जण रात्री शेंड्यावर कागदी पिशवी घालतात. त्याने काही होणार नाही. झाकायचं तर पूर्ण झाड झाकायला हवं.

उजेड किती चालतो? चांदण्याने बिघडत नाही. दूरच्या खिडकीतल्या उजेडानेही सहसा बिघडत नाही. माझा ठोकताळा असा : रात्री अकरा वाजता कुंडीशेजारी बसून वर्तमानपत्राचे मथळे वाचून पाहा. सहज वाचता आले तर ती जागा शेवंतीची नाही. पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या दिव्याचं तोंड बरेचदा थेट गॅलरीकडे असतं. तोच फ्लॅट सहाव्या मजल्यावर असता तर तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं. मैत्रिणीच्या अंगणात रात्री अंधार असणार, बाकी फरक काही नाही.

फुलांची शेती करणारे हाच गुण उलट वापरतात. झाड उंच वाढायच्या आधीच कळी धरू नये म्हणून ते रात्री शेतात दिवे लावतात. बंगळुरूच्या उत्तरेला अंधारात अशी उजळलेली शेतं दिसतात. आणि ज्यांना फूल लवकर हवं ते हरितगृहात संध्याकाळी काळं कापड ओढतात.

आता उपाय. यंदाचा हंगाम सोडून द्या. अजून रात्र लांब आहे हे खरं, पण आत्ता कळी धरली तर ती मार्चच्या उन्हात उमलेल आणि उन्हाळ्यातलं फूल पुरतं भरत नाही. फेब्रुवारीत छाटा, नवे कोंब वाढवा. सप्टेंबर लागला की कुंडी रात्री अंधार असलेल्या बाजूला न्या. तशी बाजूच नसेल तर संध्याकाळी सातला झाडावर मोठं खोकं किंवा जाड काळं कापड घाला आणि सकाळी सातला काढा. कापड झाडाला टेकू नये म्हणून चार काठ्या रोवून त्यांवर टाका. ऊन उतरल्यावरच झाका, कारण आत उष्णता कोंडली तरी कळी लांबते. रोज झाका, आज झाकलं, उद्या विसरलं असं झालं की फूल मागे पडतं. कळीच्या टोकाशी रंग दिसला की झाकायचं थांबवा. मग रस्त्याचा दिवा असो नाही तर मंडपातली रोषणाई, फूल उमलणारच.

पोटॅश आणि बोनमील मात्र थांबवा. झाडाची भूक कधीच भागली आहे.

प्रश्न : शेवंतीच्या कुंडीत आपोआप उगवलेली ही रोपं बियांपासून आलेली शेवंतीच आहे का? पानं अगदी तशीच आहेत. वाढवू का? आणखी एक, हल्ली फुलं खुडताना माझ्या मनगटाला आणि मानेला खाज सुटते. आधी असं कधी होत नव्हतं. – एक वाचक, बार्शी

उत्तर : उपटा. आजच, आणि हातात मोजे घालून. ते गाजर गवत आहे.

लहानपणी दोन्हींच्या पानांना खाचा असतात हे खरं, पण शेजारी ठेवून पाहा. गाजर गवताचं रोप जमिनीलगत चक्रासारखं पसरतं, त्याची पानं पुन्हा पुन्हा चिरलेली, गाजराच्या पाल्यासारखी बारीक आणि पातळ असतात. शेवंतीचं पान मांसल, खाचा उथळ आणि गोलसर. फूल आलं की शंकाच राहत नाही : पांढरा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, आणि नीट पाहिलं तर त्याच्या पाच कोपऱ्यांना पाच इवल्या पांढऱ्या पाकळ्या. पण फूल येईपर्यंत थांबायचं नाही. एका झाडातून हजारो बिया पडतात. शिवाय एक साधी परीक्षा आहे. कोंबाभोवतीची माती बोटाने बाजूला सारा. शेवंतीचा नवा कोंब जमिनीखाली आईच्या खोडाला जोडलेला सापडेल. गाजर गवताचं मूळ वेगळं, एकटं असेल. घरच्या दुहेरी शेवंतीत बी क्वचितच धरतं, म्हणून कुंडीत सुटं उगवलेलं रोप शेवंतीचं असण्याची आशा फार धरू नये.

हे तण मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची नोंद झाली ती आपल्या पुण्यात, १९५५ च्या सुमारास, आणि तिथून ते देशभर गेलं. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात मुद्दाम आणून सोडला. पावसाळ्यात पट्टेदार पाठीचे हे भुंगे गवताची चाळण करताना दिसतील. त्यांना मारू नका.

खाजेची गोष्ट मात्र मनावर घ्या. गाजर गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. त्याच प्रकारची द्रव्यं शेवंतीतही असतात. ज्याचं अंग गाजर गवताला एकदा बिथरलं त्याला पुढे शेवंतीही सोसत नाही, असं त्वचारोगतज्ज्ञ नेहमी पाहतात. ‘आधी होत नव्हतं’ या तुमच्या वाक्याचा अर्थ हाच असू शकतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, त्यांना या दोन्ही झाडांची नावं सांगा. पॅच टेस्टने, म्हणजे संशयित द्रव्य त्वचेवर चिकटवून पाहायच्या चाचणीने, खात्री करून घेता येते. तोवर फुलं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी खुडावीत, आणि वेणी केसांत माळू नका, ती मानेला लागते. पापण्या सुजल्या किंवा कोपराच्या खळीत चट्टे आले तर थांबू नका.

आणि सगळ्यांना एक विनंती. ओळख विचारताना वरून काढलेला एकच सुंदर फोटो नका पाठवू. फुलाची मागची बाजू, पानाच्या दोन्ही बाजू, जमिनीपासून शेंड्यापर्यंत पूर्ण झाड, आणि पान चुरडल्यावर वास कसा येतो याबद्दल एक ओळ. एवढं मिळालं तर मी ठाम उत्तर देऊ शकते.

प्रश्न : इथे न्यू जर्सीत सप्टेंबरपासून प्रत्येक दुकानाबाहेर ‘मम्स’ म्हणून गोल गरगरीत झाडं मिळतात. ती आपलीच शेवंती का? दर वर्षी थंडीत मरतात. पुढच्या गौरींना घरची फुलं हवी आहेत. – एक वाचक, एडिसन

उत्तर : हो, शेवंतीच. पान चुरडून वास घ्या, गाव आठवेल. मरतात याचं कारण बहुधा असं की तुम्ही ती भर फुलात आणता. झाडाचा सगळा जोर फुलांकडे असतो, मुळं जमिनीत रुजायच्या आधीच बर्फ पडतं. पुढच्या खेपेला एप्रिल-मेमध्ये छोटं रोप घेऊन जमिनीत लावा, कुंडीत नको. जुलैच्या सुरुवातीपर्यंत शेंडे खुडत राहा, नंतर हात लावू नका. लवकर फुलणारी जात मागून घ्या. सप्टेंबरमधल्या गौरींना उशिराची जात पुरायची नाही. हिवाळ्यात वाळलेल्या काड्या कापू नका, त्यांच्यावरच पालापाचोळ्याचा थर द्या आणि वसंतात नवे कोंब दिसले की मग जुनं काढा. यंदाचं झाड अजून कुंडीत असेल तर बिनतापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवा, माती अगदी कोरडी पडू देऊ नका.

प्रश्न : कळ्यांच्या देठावर काळे बारीक किडे चिकटलेत. औषध सुचवा. – एक वाचक, फलटण

उत्तर : मावा आहे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. तरी उरला तर पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा. ठिपक्यांचे लाल ढालकिडे दिसत असतील तर काहीच फवारू नका, ते आणि त्यांच्या अळ्या मावा खातात.

प्रश्न : माझ्या आईकडे झिप्री शेवंती आहे, तिच्या आईकडून आलेली. आई आता थकली, घर विकायचं ठरलं आहे. हे झाड मला पुण्याला न्यायचं आहे, पण खोड जुनं, लाकडासारखं झालंय आणि फुलंही मोजकीच आली. नेलं तर जगेल का? कधी नेऊ? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : जुनं खोड नेऊ नका, त्याचे कोंब न्या. शेवंतीत झाड असंच पुढे जातं. मधलं खोड दोन-तीन वर्षांत निबर होतं, फुलं कमी होतात, आणि जोम असतो तो भोवती फुटणाऱ्या कोंबांत. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. तुमच्या आजीच्या हातची शेवंती ती हीच, तिच्याच काशीची काशी. बियाण्यात जसा बदल होतो तसा इथे होत नाही. फूल रंगाने, आकाराने तंतोतंत तेच येणार.

झिप्री, राजा, बग्गी, पिवळी रेवडी, पांढरी रेवडी, सोनाली तारा ही आपल्याकडच्या शेवंतींची घरोघर माहीत असलेली नावं. आता नर्सरीत मोठ्या कुंड्यांमधली परदेशी वाणांची झाडं जास्त दिसतात. ती देखणी आहेत, पण आपल्या परसातल्या जाती आपलं ऊन-पाऊस सोसून टिकल्या आहेत. त्या घर विकताना, गाव सोडताना मागे राहतात आणि संपतात. म्हणून तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं.

घर कधी रिकामं करायचं आहे ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून दोन्ही वाटा सांगते. वेळ असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फुलून गेलेल्या काड्या जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा. बुडाची माती हलक्या हाताने मोकळी करा, मूठ-दोन मूठ कुजलेलं शेणखत घाला, बेताचं पाणी द्या. तीन-चार आठवड्यांत भोवती हिरवे कोंब उठतील. वीतभर व्हायच्या आत, मूळ धरलेले कोंब खुरप्याने जुन्या झाडापासून सोडवा. प्रत्येकाला थोडी तरी पांढरी मुळं हवीत. ओल्या गोणपाटात गुंडाळून नेलेत तर प्रवास सहज सोसतात.

वेळ नसेल तर आत्ताच बुडाभोवतीची माती उकरून पाहा. फुलं संपताना कोंब जमिनीखाली तयार झालेले असतातच, बोटभर, फिकट, टोकाला चुरगळलेल्या पानांचे. मातीच्या गड्ड्यासकट खणून घ्या. आणि सगळे एकाच घरी नेऊ नका. बहिणीला द्या, शेजारणीला द्या, शाळेच्या बागेत द्या. एका घरचं झाड मेलं तरी जात दुसरीकडे राहते. जुनी फुलं आजवर अशीच टिकली.

पुण्यात उन्हाळाभर त्यांना सकाळचं ऊन आणि दुपारी सावली द्या. या दिवसांत फुलांची अपेक्षा धरू नका, जगवायचं एवढंच. पाऊस सुरू झाला की, जूनच्या अखेरीस, शेंड्यांचे बोटभर तुकडे काढा, खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. खरी लागवड या छाट्यांची करा, कारण जमिनीतला रोग त्यांच्याबरोबर येत नाही. कुंडी आठ-दहा इंची, तळाशी भोक मोकळं, मातीत वाळू आणि शेणखत सढळ. शेवंतीला उपाशी राहणं परवडतं, पायात पाणी साचलेलं परवडत नाही. जुलैतल्या झडीत जी झाडं जातात ती बहुतेक मुळं कुजूनच. पाणी नेहमी बुडाशी द्या. पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके पडतात आणि खालून वर पान जळत जातं.

लागवडीनंतर चार आठवड्यांनी शेंडा खुडा. दोन पानांएवढाच, नखाने. बगलेतून फुटवे येतील, ते ऑगस्टच्या मध्याआधी बोटभर झाले तरच त्यांचेही शेंडे खुडा. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र एकही शेंडा खुडायचा नाही. रात्र वाढायला लागलेली असते आणि त्याच शेंड्यात पुढची कळी धरणार असते. नत्राचं खत, म्हणजे शेणखताचं पाणी वगैरे, तोवरच. पुढे दिलं तर पानंच वाढतात. सप्टेंबरमध्ये काठीचा आधार द्या. झिप्री भरघोस फुलते, तिच्या कळ्या विरळ करायची गरज नाही. मोठ्या फुलांच्या जातींत मधली एक कळी ठेवून बगलेतल्या काढतात, तो नियम इथे लावू नका.

सगळं जमलं तर दिवाळीच्या मागेपुढे कळ्या दिसतील. आईंना त्यातली पहिली फुलं नेऊन द्या. आणि दोन-चार काश्या जास्तीच्या निघाल्या तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. झिप्री शोधणाऱ्या वाचकांची तीन पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत, त्यातलं एक चिंचवडचंच आहे.